यंदा माकली कुठे गेली?

माकलीबद्दल लोक मला तीन गोष्टी विचारतात. बाजारात माकली म्हणून कधी लांब नळी, कधी रुंद जाड पाठीचं जनावर, तर कधी नुसता हातांचा गुंता विकायला असतो. हे सगळं एकच का, आणि तो मासा का? शिजवल्यावर ती इतकी चिवट का होते? आणि गेल्या हंगामात बंदरावर ढीग लागत होते, यंदा मासे विकणारी मावशी "आलीच नाही" म्हणते, तर पापलेटाच्या मागोमाग माकलीही संपत चालली आहे का?

माझं काम कोकणातल्या बंदरांवर उतरणाऱ्या मासळीचे नमुने घेऊन त्यांची लांबी, वजन, वय आणि अंडाशयाची अवस्था नोंदवण्याचं. त्यातही माकलीच्या कुळाशी संबंध सर्वांत जुना. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्या गोष्टीत आहे ती आधीच सांगतो: आपल्या किनाऱ्यावरची माकली जेमतेम वर्षभर जगते. अंड्यातून बाहेर येणं, वाढणं, वयात येणं, अंडी घालणं आणि मरणं, सगळं बारा महिन्यांच्या आसपास उरकतं. पापलेट-सुरमईला लावतो तो हिशेब तिला लावला की आपली फसगत होते.

आता ओळख. माकली मासा नाही. तिला कणा नाही, खवले नाहीत, काटे नाहीत. तिसऱ्या, कालवं, गोगलगाय ज्या मृदुकाय प्राण्यांत येतात त्यातलीच ही एक शाखा. शास्त्रात तिला शीर्षपाद म्हणतात, कारण हात थेट डोक्यालाच फुटलेले असतात. कुणी माकुल म्हणतं, मालवणीत म्हाकुल, गोव्यात माणकी, आणि ही नावं स्क्विड आणि कटलफिश अशा दोन वेगळ्या जनावरांना सरसकट लागतात. टोपलीतला गोंधळ तिथूनच सुरू होतो.

लांब नळी असते ती स्क्विड. आपल्याकडे सर्वांत जास्त मिळणारी जात युरोट्युथिस डुव्हॉसेली, इंग्रजी व्यापारात तिला 'इंडियन स्क्विड' म्हणतात. आठ आखूड हात आणि भक्ष्यावर झेपावणारे दोन लांब शुंडक, शेपटाकडे दोन्ही बाजूंना पसरलेले पर. नळी उभी चिरली की आत पिसाच्या आकाराचं एक पारदर्शक, लवचिक पातं निघतं. साफ करताना आपण ते प्लास्टिकसारखं ओढून फेकून देतो. पण पूर्वजांच्या शिंपल्याचा तोच शिल्लक अवशेष आहे. याच जातीच्या शाईच्या पिशवीवर, दोन बाजूंना, लहानसे दोन प्रकाशक अवयव असतात. सुरी हलक्या हातानं चालवली तर ते स्पष्ट दिसतात, आणि एकदा दिसले की दर वेळी शोधावेसे वाटतात.

रुंद, जाड आणि जवळजवळ पूर्ण कडेनं पराची झालर असलेली ती कटलफिश. आपल्याकडे सेपिया फॅरॉनिस ही मोठी जात. तिच्याखालोखाल सेपिया अक्युलिआटा, आणि लहानखुरी सेपिएला इनर्मिस. हिच्या पाठीत पातं नसतं, पांढरं, हलकं, खडूसारखं कवच असतं: तेच समुद्रफेन. पावसाळा सरला की कोकणच्या पुळणीवर पांढरे तुकडे वाहून आलेले दिसतात ते हेच. आयुर्वेदाच्या दुकानात मिळतं तेही हेच, आणि पिंजऱ्यातल्या पोपटाला चोच घासायला लावतात तेही. जिवंतपणी त्याचं काम निराळं आहे. आत अतिशय पातळ पडद्यांनी केलेले असंख्य कप्पे असतात. कटलफिश त्यांतलं द्रव कमीजास्त करून पाण्यात वर-खाली तरंगते. पोहण्याचे कष्ट न घेता एका जागी स्थिर राहता येतं ते त्यामुळे.

तिसरा, नुसत्या हातांचा गुंता, म्हणजे ऑक्टोपस. त्याच्याकडे लांब शुंडक नाहीत आणि कवच जवळपास शून्य. अंगात कठीण म्हणावी अशी एकच मोठी गोष्ट, ती म्हणजे पोपटासारखी चोच. म्हणून चोच जिथून जाईल तिथून आख्खा ऑक्टोपस जातो.

या सगळ्यांचा एक जुना नातलग अजून जिवंत आहे: नॉटिलस. त्याचं कवच बाहेर आहे, हात नव्वदच्या आसपास, आणि डोळ्यात भिंग नाही, फक्त एक भोक. तो सावकाश वाढतो आणि पंधरा-वीस वर्षं जगतो. शोभेच्या शिंपल्यासाठी त्याची इतकी शिकार झाली की २०१६ मध्ये संकटग्रस्त जीवांच्या व्यापाराविषयीच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारानं त्याच्या व्यापारावर नियंत्रण आणलं. मुद्दाम त्याचं नाव काढलं, कारण तो आणि माकली शेजारी ठेवले की चित्र उघडं पडतं. ज्यानं कवच राखलं तो संथ आणि दीर्घायुषी राहिला. ज्यांनी कवच टाकलं त्यांना वेग मिळाला, रंग मिळाले, मोठा मेंदू मिळाला. पण अंगावर चिलखत नसलेलं मऊ मांस प्रत्येक टुना, सुरमई आणि डॉल्फिनच्या तोंडी आलं. रोज खाल्ले जाण्याची भीती असेल तर म्हातारपणासाठी काही राखून ठेवण्यात अर्थ नसतो. लवकर वाढा, लवकर अंडी घाला: या कुळाच्या आखूड आयुष्यामागे हेच असावं असं या क्षेत्रातले बरेच जण मानतात, मीही मानतो.

आणि त्या एका वर्षात किती काही भरलेलं आहे! तीन हृदयं: दोन कल्ल्यांना रक्त पुरवतात, तिसरं उरलेल्या शरीराला. रक्तात लोहाऐवजी तांबं, म्हणून प्राणवायू मिळाला की ते निळसर होतं. मेंदू अन्ननलिकेभोवती कड्यासारखा बसलेला, म्हणजे गिळलेला प्रत्येक घास मेंदूच्या मधून जातो. पळताना नळी एका क्षणात आवळायची आणि पाण्याचा झोत बाहेर फेकायचा, तर नळीचे सगळे स्नायू एकाच वेळी आखडले पाहिजेत. त्यासाठी स्क्विडमध्ये एक अतिजाड चेतातंतू असतो, काही जातींत जवळजवळ एक मिलिमीटर जाडीचा. तंतू जितका जाड, संदेश तितका वेगानं जातो.

हा तंतू माणसाच्या फार उपयोगी पडला. प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी १९३० च्या दशकात तो नेमका काय आहे हे दाखवून दिलं. आपले चेतातंतू इतके बारीक की त्या काळी त्यांच्या आत इलेक्ट्रोड घालणं अशक्य होतं. स्क्विडच्या तंतूत ते जमलं. अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी १९३९ मध्ये इंग्लंडच्या प्लायमथ इथल्या प्रयोगशाळेत चेतातंतूच्या आतून विद्युत्संदेश नोंदवला. पुढे महायुद्ध आलं, काम थांबलं, आणि १९५२ मध्ये त्यांनी सोडियम-पोटॅशियमच्या ये-जेतून तो संदेश कसा घडतो याचं गणित मांडलं. १९६३ चं नोबेल त्यासाठी. मेंदूच्या कुठल्याही डॉक्टरानं शिकताना पहिल्यांदा जो चेतातंतू कागदावर पाहिला, त्याच्या मुळाशी स्क्विड आहे.

रंगांबद्दलही सांगायला हवं, कारण ताजेपणा त्यावरूनच ओळखता येतो. कातडीवर दिसणारे लालसर-तपकिरी ठिपके म्हणजे रंगाच्या लवचिक पिशव्या. प्रत्येकीभोवती बारीक स्नायू आणि त्या स्नायूंना मेंदूकडून थेट चेतातंतू. स्नायू आखडले की ठिपका पसरतो, सैलावले की मिटतो. सरडा रंग बदलतो तो सावकाश. इथे सेकंदाच्या आत संपूर्ण अंगावरून लाट जाते. आणि इतके रंग खेळणाऱ्या या प्राण्यांच्या बहुतेक जातींच्या डोळ्यात प्रकाश टिपणारं रंगद्रव्य एकच असतं, म्हणजे आपण ज्याला रंगांधळं म्हणू तसे ते आहेत. नुकत्याच मेलेल्या माकलीच्या अंगावर हे ठिपके बराच वेळ उघडझाप करत राहतात. बंदरावर ट्रॉलर लागल्या लागल्या क्रेट पाहिला तर हे दिसतं.

म्हणून घेताना हे पाहा: ठिपके स्पष्ट, सुटे आणि कातडी चकचकीत असेल तर ती ताजी. ठिपके फुटून रंग मांसात झिरपला आणि पांढरं मांस गुलाबी पडलं तर ती बर्फात बरेच दिवस काढून आली आहे. अगदी पांढरीशुभ्र, कातडी काढलेली, फुगीर माकली दिसली तर मी घेत नाही. गोड्या पाण्यात पडून राहिली की तिचं मांस पाणी पितं, वजन वाढतं, चव जाते. घरी आणताना बर्फ थेट अंगाला लागू देऊ नका, पिशवीत घालून मग बर्फात ठेवा.

चिवटपणाचं कारण तिच्या घडणीतच आहे. माशाला हाडांचा सांगाडा आहे, हिला नाही, म्हणून नळीच्या भिंतीलाच ताठ राहावं लागतं. आडव्या-उभ्या स्नायूंचे थर आणि दोन्ही बाजूंनी कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाची घट्ट पट्टी. आच लागली की कोलॅजेन आकसतं आणि स्नायूंतलं पाणी पिळून काढतं. तीन-चार मिनिटांत तुकडा चिवट होतो. त्यावर उपाय दोनच. एक तर कडक आचेवर दीड-दोन मिनिटं परतून उतरवा, किंवा झाकण ठेवून मंद आचेवर चाळीस मिनिटं ते तासभर शिजू द्या, म्हणजे कोलॅजेनचं जिलेटिन होऊन मांस पुन्हा मऊ पडतं. मधलं दहा-पंधरा मिनिटांचं शिजवणं सर्वांत वाईट, आणि बहुतेक घरांत नेमकं तेच होतं. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटणातलं सुकं करायचं असेल तर दुसरी वाट धरा. मोठ्या कटलफिशला तर तीच हवी. साफ करताना शाईच्या पिशवीबरोबर तपकिरी रंगाची पाचक ग्रंथीही पूर्ण काढा. समुद्रातलं कॅडमियम तिच्यात साठतं. आणि ज्यांना कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी माकलीपासूनही सावध राहावं, कारण अ‍ॅलर्जी आणणारं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन दोघांत मिळतंजुळतं असतं.

आता मूळ काळजीकडे येतो.

माकलीचं वय कसं कळतं? तिच्या डोक्यात समतोल राखणारे दोन अगदी बारीक खडे असतात, स्टॅटोलिथ. त्यांच्यावर रोज एक वलय चढतं. खडा घासून पातळ करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि वलयं मोजायची, की दिवसांत वय मिळतं. ही पद्धत रुळण्याआधी लांबीच्या आकडेवारीवरून वय काढत, आणि तेव्हा माकली दोन-तीन वर्षं जगते असं समजलं जाई. वलयांनी तो समज मोडला. ज्या माकल्या आपण मोठ्या, जुन्या समजत होतो त्या काही महिन्यांच्याच निघाल्या. वाढच तितकी झपाट्याची.

अंडी घालून झाली की मरणं हेही जवळजवळ ठरलेलं. ऑक्टोपसची मादी अंड्यांवर बसते, खाणं सोडते आणि पिल्लं निघताना संपते. जेरोम वोडिन्स्की या शास्त्रज्ञानं १९७७ मध्ये दाखवलं की डोळ्यांजवळच्या एका ग्रंथीतून हे सारं हलवलं जातं. ती काढून टाकली की मादी अंडी सोडते, पुन्हा खाऊ लागते आणि जास्त जगते. खोल, थंड पाण्यात मात्र हाच क्रम विलक्षण लांबतो. कॅलिफोर्नियाजवळ सुमारे १,४०० मीटर खोलीवर एका ऑक्टोपस मादीनं ५३ महिने अंडी राखली, ही नोंद २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या उबदार अरबी समुद्रात असली चैन नाही. इथे सगळं घाईचं.

याचा मासेमारीच्या दृष्टीनं अर्थ काय? पापलेट, घोळ, सुरमई यांच्या साठ्यात अनेक वयांचे मासे एकत्र असतात. एका वर्षी पिल्लं कमी जगली तरी मागच्या वर्षांचे मासे अंडी घालायला उरतात. माकलीकडे ही शिल्लक नाही. यंदा जाळ्यात येणारी प्रत्येक माकली मुख्यतः गेल्या वर्षभरातल्या अंड्यांची आहे. पाणी तापलं, खाद्य हललं, पिल्लं मेली, की पुढच्याच हंगामात बंदर रिकामं. आणि परिस्थिती सुधारली की त्याच वेगानं भरतंही. कॅलिफोर्नियात १९९७-९८ च्या एल निनोमध्ये तिथल्या स्क्विडची पकड जवळजवळ कोसळली. १९९९ मध्ये ती परत उभी राहिली. पापलेट अशी वर्षात परत येत नाही.

तेव्हा एका हंगामात मिळाली नाही म्हणजे संपली, असं मी म्हणणार नाही. उलट जगभरातल्या नोंदी दुसरंच सांगतात. १९५३ ते २०१३ या काळातली स्क्विड, कटलफिश आणि ऑक्टोपस यांची आकडेवारी एकत्र करून झालेला अभ्यास २०१६ मध्ये आला, आणि त्यात या सगळ्यांची संख्या एकंदरीत वाढलेली दिसली. आपण त्यांना खाणारे मोठे मासे कमी केले, आणि पटकन वाढणाऱ्याला मोकळी जागा मिळाली, हे त्यामागचं एक संभाव्य कारण. हे ऐकून निर्धास्त व्हायचं नाही. जी जनावरं एका वर्षात परत उभी राहतात, तीच एका वर्षात उखडलीही जातात, जर घाव अंड्यांवर पडला तर.

आणि आपल्याकडे घाव नेमका तिथेच पडतो आहे, याची मला खरी चिंता आहे. स्क्विड आपली अंडी पांढऱ्या, जेलीसारख्या, बोटाएवढ्या शेंगांत घालते आणि त्यांचे झुबके तळाला चिकटवते. तळ खरवडत जाणारं ट्रॉल जाळं ते झुबके उपटून काढतं. खलाशांना ते चांगले ओळखीचे आहेत, जाळ्यातून झटकून टाकतात. झटकलेली अंडी परत तळाला चिकटत नाहीत.

कटलफिशचं आणखी वाईट. सेपिया फॅरॉनिस अंडी चिकटवायला काहीतरी आधार शोधते. कर्नाटकाच्या किनाऱ्याकडे काही मच्छीमारांनी हे ओळखलं आणि नारळाच्या झावळ्या वजन बांधून पाण्यात सोडायला सुरुवात केली. मादी अंडी घालायला झावळीपाशी येते आणि गळाला लागते. पुष्कळदा झावळी अंड्यांनी लगडलेली असते, तीही वर ओढली जाते. म्हणजे आई गेली आणि पुढची पिढीही गेली. थोड्या दिवसांत भरघोस मोठा माल मिळतो, युरोपात त्याला भाव आहे, म्हणून हे पसरतं. एरवी मी मच्छीमारांच्या बाजूनं बोलतो, डिझेलचा खर्च मला माहीत आहे. पण या पद्धतीचं समर्थन मला करता येत नाही.

मग एलईडी. माकली उजेडाकडे येते, हे कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. जनरेटरवर चालणारे प्रखर दिवे लावून सगळ्या परिसरातली माकली एका जाळ्याखाली गोळा करणं ही वेगळी गोष्ट आहे. केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या सागरी क्षेत्रात त्यावर बंदी घातली, महाराष्ट्रानं १९८१ च्या आपल्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून दंड वाढवले. तरी रात्री कोकणच्या कुठल्याही टेकडीवरून समुद्राकडे पाहणाऱ्याला काय दिसतं ते मी वेगळं सांगायला नको. पारंपरिक होड्यांच्या वाट्याला त्यामुळेच काही येत नाही.

अशा जनावराची मासेमारी सांभाळता येते, त्याचं उदाहरण दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांचं. १९८७ पासून तिथे परवान्यानं स्क्विड पकडतात. साठा किती उरला हे हंगाम चालू असतानाच मोजत राहतात, आणि अंडी घालायला पुरेशी जनावरं मागे राहणार नाहीत असं दिसलं की हंगाम मुदतीआधी बंद. इलेक्स या जातीसाठी साधारण ४० टक्के जनावरं अंडी घालायला सुटली पाहिजेत, असं त्यांचं उद्दिष्ट ठरलेलं होतं. वर्षाअखेर अहवाल काढून इथे भागत नाही. अहवाल येईपर्यंत ती पिढी मेलेली असते. आपली जून-जुलैची बंदी चांगलीच आहे, पण ती तारखांवर चालते, पाण्यात काय शिल्लक आहे त्यावर नाही. माझं मत स्पष्ट आहे: माकलीसाठी पावसाळ्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत बंदरनिहाय आठवड्याची मोजणी हवी, आणि अंड्यांच्या ओळखीच्या जागा त्या काळात ट्रॉलरसाठी बंद हव्यात. त्या जागा कुठे आहेत हे जुन्या तांडेलांना, म्हणजे बोटींच्या म्होरक्यांना, विचारलं तरी कळतं.

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे. पण बंदरावरचा तपासनीस एकटा काही करू शकत नाही, गिऱ्हाईकानंही पाहावं. बोटाएवढ्या माकल्यांचा वाटा स्वस्तात मिळतो, कुरकुरीत तळला जातो, हॉटेलांत खपतो. त्यातल्या बहुतेक वयात आलेल्या नसतात. नळी निदान तळहातभर लांब असेल तरच घ्या. यंदा ती नसेल तर बांगडा घ्या, आणि मावशीला विचारून ठेवा की माकली कुठल्या बाजूच्या बोटीला लागते आहे. दिवाळीच्या सुमारास ती पुन्हा दिसू लागली तर तुम्हाला आमच्याआधी कळेल.